मिउरा की डेटोना, काउन्टाश की बॉक्सर: भांडण खरं इंजिनाच्या जागेचं आहे

जुन्या इटालियन गाड्यांचं वेड असलेली चार माणसं एकत्र बसली की अर्ध्या तासात पार्ट्या पडतात. एक म्हणणार लॅम्बोर्गिनी मिउरासारखी देखणी गाडी परत झालीच नाही, दुसरा म्हणणार देखणी असेल, पण लांबच्या रस्त्याला न्यायची तर फेरारी डेटोना, तिसरा मधेच लॅम्बोर्गिनीचीच काउन्टाश काढणार, आणि चौथा जरा गप्प बसून मग म्हणणार की फेरारीच्या बॉक्सरला कुणी कधी न्याय दिला नाही. मी हे वाद बरीच वर्षं ऐकतोय आणि घालतोय पण, आणि माझं आता पक्कं मत झालंय की आपण रंग, रूप, आवाज, किंमत यावर बोलत असतो तेव्हा भांडण मुळात एकाच गोष्टीवर चाललेलं असतं: दोनशे किलोच्या वरचं ते बारा सिलिंडरचं धूड गाडीत नेमकं कुठे ठेवलं.

यात फिजिक्स काय ते आधी बघू. खांद्यावर कावड घेऊन चाललेला माणूस आठवा, दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी. त्याला पटकन वळायला सांगा, जमत नाही, कावड वळायलाच मागत नाही, आणि एकदा वळायला लागली की थांबायलाही मागत नाही. तेच वजन एकाच कळशीत भरून कमरेवर घेतलं की माणूस जागच्या जागी गर्रकन फिरतो. वजन तेवढंच आहे, फक्त ते मध्यापासून किती लांब आहे हे बदललं. आणि हा फरक साधासुधा नाही, अंतर दुप्पट झालं तर वळवायला होणारा विरोध चौपट होतो. यालाच जडत्वाचा आघूर्ण म्हणतात, शाळेत नाव घोकलेलं असतं, कावड मात्र कुणी दाखवलेली नसते.

आता १९६५ सालचं तुरीन. लॅम्बोर्गिनीने मोटर शोमध्ये बॉडीच नसलेली गाडी मांडली, नुसता भोकं पाडलेल्या पत्र्याचा सांगाडा आणि सीटच्या मागे आडवं बसवलेलं इंजिन. ती बनवणारे जानपाओलो दालारा, पाओलो स्तान्झानी हे इंजिनिअर आणि न्यूझीलंडचा टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस, तिघंही तेव्हा विशी-तिशीतली पोरं. व्ही-१२, म्हणजे सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्ही आकारात बसवलेलं लांबट इंजिन, ते उभं लावलं असतं तर गाडी फार लांब झाली असती, म्हणून त्यांनी ब्रिटिश मिनीची युक्ती उचलली, इंजिन आडवं करायचं आणि गिअरबॉक्स त्याच ओतीव भागात घालायचा. त्यामुळे इंजिन आणि गिअर दोघांना तेल एकच. पुढच्या वर्षी जिनिव्हात बेर्तोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेलो गांदिनीने काढलेली बॉडी चढवून तीच गाडी मिउरा नावाने आली, उंची जेमतेम १०५ सेंटिमीटर, ३९२९ सीसी, ३५० हॉर्सपॉवर, आणि लोक बघतच राहिले. कळशी कमरेवर आली होती.

पण या युक्तीची किंमत मोजायला लागते, आणि मिउराचे फॅन ती नीट सांगत नाहीत असं मला वाटतं. तेल एकच असलं की गिअरच्या दातांची झिजलेली धातूची भुकटी इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत जाऊ शकते, एसव्ही या शेवटच्या आवृत्तीच्या अखेरच्या काही गाड्यांमध्ये म्हणूनच दोन्ही तेलं वेगळी केली. दुसरं, पेट्रोलची टाकी पुढे होती. टाकी भरलेली असताना नाकावर वजन असायचं, जसजसं पेट्रोल संपत जाईल तसं नाक हलकं होत जायचं, आणि त्याच वेळी वरून वाहणारी हवा नाकाला उचलत असायची. गाडीची वरची बाजू फुगीर आणि खालची सपाट, म्हणजे आकार थोडाफार विमानाच्या पंखासारखाच, वरची हवा जास्त वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, आणि वेग वाढला की स्टिअरिंग हाताला हलकं हलकं लागायला लागतं. ताशी २५० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग हलकं लागणं याचा अर्थ पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड सुटत चाललीय. तिसरं म्हणजे आग. सीटच्या मागे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे वेबर कंपनीचे चार तीन-तोंडी कार्ब्युरेटर, तोंडं वर करून ठेवलेले, रेससाठी उत्तम, पण सिग्नलला गाडी नुसती घुरघुरत उभी राहिली की वर पेट्रोल साचायचं, मग जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाने मागे एक भडका फेकला की ते साचलेलं पेट्रोल पेटायचं. जेमतेम साडेसातशेच्या आसपास मिउरा बनल्या, त्यातल्या काही अशाच जळाल्या.

फेरारी कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारी याचा विरोध याच सगळ्याला होता. बैल गाडीच्या पुढे जुंपतात, मागे नाही, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं नेहमी सांगितलं जातं, आणि लोक त्यावरून त्याला जुनाट ठरवतात. मला ते पटत नाही. इंजिन मागे असलेली गाडी वळणात जोरात असताना ड्रायव्हर घाबरला आणि त्याने पाय एकदम उचलला तर काय होतं बघा. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड सुटते, पण मागचं इंजिन सरळ जायच्या नादात असतं, ते बाहेरच्या बाजूला ओढतं आणि गाडी फिरते. आणि ज्या गुणामुळे ती चटकन वळते त्याच गुणामुळे ती चटकन भिरभिरते सुद्धा, सावरायला वेळच मिळत नाही. रेस ड्रायव्हर ते हातात पकडतो, पण पैसेवाल्या गिऱ्हाइकाला हे यंत्र द्यायचं का, हा प्रश्न अगदी रास्त होता.

म्हणून १९६८ ला पॅरिसमध्ये आलेली ३६५ जीटीबी/४, म्हणजे आपली डेटोना, इंजिन पुढेच ठेवून आली. (डेटोना हे टोपणनाव, १९६७ च्या डेटोना २४ तासांच्या शर्यतीत फेरारी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या त्यावरून पडलं.) पण पुढे म्हणजे कसं ते महत्त्वाचं आहे. पिनिनफारिना या डिझाइन कंपनीच्या लिओनार्दो फिओराव्हांतीने काढलेलं ते लांबलचक नाक नुसतं रुबाबासाठी नाही, इंजिन पुढच्या चाकांच्या बरंच मागे सरकवलंय, आणि गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांपाशी नेलाय. म्हणजे पुढे-मागे वजन जवळजवळ सारखं. पण नीट बघितलं तर ही कावडच आहे, एक घागर पुढे, एक मागे! त्यामुळे डेटोना वळायला सुस्त, पण २५० च्या वेगाने सरळ जाताना दगडासारखी स्थिर. डेटोनावाले म्हणतात गाडी वेगात जिवंत होते आणि गावात हमालासारखी राबवते, ते दोन्ही खरं आहे, पुढच्या चाकांवरचं ते वजन पॉवर स्टिअरिंगशिवाय उभ्या उभ्या वळवून बघा म्हणजे कळेल. ४३९० सीसी, ३५२ हॉर्सपॉवर, कंपनीचा दावा ताशी २८० किलोमीटर. कूपे, म्हणजे पक्क्या छताच्या डेटोना, बाराशेच्या वर बनल्या, म्हणूनही ती मिउरापेक्षा स्वस्त राहिली, पण फिजिक्सच्या नजरेने ती कमी दर्जाची मुळीच नाही.

आता माझ्या आवडीच्या गाडीवर येतो. १९७१ च्या जिनिव्हा शोमध्ये गांदिनीचीच पिवळी काउन्टाश आली, नाव म्हणजे पिडमाँटकडच्या बोलीतला आश्चर्याचा उद्गार. सगळे कात्रीसारख्या वर उघडणाऱ्या दारांबद्दल बोलतात, मला त्या दारांपेक्षा स्तान्झानीने पत्र्याखाली काय केलं ते जास्त भारी वाटतं. मिउराचं आडवं इंजिन त्याने उभं केलं, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे न लावता पुढे लावला, म्हणजे गिअरबॉक्स दोन सीटच्या मधे आला. ताकद पुढे जाते, गिअरमधून फिरते, आणि मग एक शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या टाकीतून आरपार काढलेल्या नळीतून परत मागे चाकांकडे येतो. ताकदीचा हा उलटा प्रवास कशासाठी, तर सगळं वजन गाडीच्या पोटात गोळा व्हावं म्हणून. वर फायदा असा की गिअरचा दांडा सरळ गिअरबॉक्समध्येच जातो, मधे लांबलचक सळ्या नाहीत. तोटा म्हणजे त्या शाफ्टला जागा द्यायला इंजिन थोडं वर उचलावं लागलं. तरी मिउराच्या चुकांना एवढं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं असं माझं मत आहे. पहिल्या नमुन्याचं इंजिन तापायचं, म्हणून विकायच्या गाडीत बाजूला हवा खेचायच्या खाचा आणि खांद्यावर खोके आले, आणि तो पहिला पिवळा नमुना १९७४ ला क्रॅश टेस्टमध्ये भिंतीवर आपटून संपला.

त्याच वर्षी एलपी ४००, म्हणजे विकायची पहिली काउन्टाश, बाजारात आली आणि हवी तर हीच, असं मी कुणालाही सांगेन. नंतरच्या रुंद चाक-कमानींच्या, पाठीवर विंग लावलेल्या काउन्टाश पोस्टरवर झक्कास दिसतात हे मान्य, पण हवेचा हिशोब बघा. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे २५० वरून ३०० ला जायचं, वेग फक्त २० टक्के जास्त, पण ताकद लागते जवळजवळ पावणेदोन पट. त्यात १९७८ च्या एलपी ४०० एसला मागे ३४५ मिलिमीटर रुंदीचे पिरेली टायर, त्यांच्यावर फुगवलेल्या कमानी, आणि घेतली तर वर विंग, सगळंच हवेला आडवं. ती जुन्या सडपातळ गाडीपेक्षा हळूच पळायची. शिवाय विंग मागच्या चाकांच्याही मागे असते, तिथे खाली दाबलं की सी-सॉसारखं नाक वर यायला बघतं, आणि नाक हलकं होण्याचं दुखणं तर या घराण्यात आधीपासूनच होतं. टायरची पकड मात्र नव्या गाडीत खूपच जास्त, तेही सांगायलाच पाहिजे.

फेरारीनेही शेवटी इंजिन मागे नेलं, १९७३ ची बर्लिनेटा बॉक्सर. आणि इथे नावातच एक गडबड आहे. खऱ्या बॉक्सर इंजिनात समोरासमोरचे पिस्टन टाळी वाजवल्यासारखे एकदम बाहेर जातात आणि एकदम आत येतात. या इंजिनात समोरासमोरचे दोन पिस्टन क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एकाच खुंटीला जोडलेत, म्हणून ते दोन माणसं मोठी करवत ओढतात तसे चालतात, एक बाहेर गेला की दुसरा आत. म्हणजे हे १८० अंशात उघडून झोपवलेलं व्ही-१२ आहे. झोपवायचं कारण वजन खाली यावं हे, रेसमध्ये फेरारीचा इंजिनिअर माउरो फोर्गिएरी याच्या अशा इंजिनांनी ते सिद्ध केलेलं होतं. पण रस्त्याच्या गाडीत लांबी वाचवायला गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली सरकवला, आणि झोपलेलं इंजिन जाऊन बसलं वर! खाली आणलेलं वजन परत वर चढलं. बॉक्सरवाल्यांना मी हेच विचारतो, आणि ते म्हणतात की मग तिच्यात ताकद किती मऊ येते आणि काउन्टाशपेक्षा आतमध्ये किती सुखाने बसता येतं ते बघ, आणि त्यात तथ्य आहे, काउन्टाशमधून मागचं काही दिसत नाही, दार उघडून चौकटीच्या कडेवर बसून, मान मागे वळवून रिव्हर्स घेतात लोक. बॉक्सरच्या जागी आलेल्या फेरारीच्या १९८४ च्या टेस्टारोसाने बॉक्सरचं एक दुखणं काढलं, रेडिएटर नाकातून काढून मागे बाजूंना आणले, त्यामुळे गरम पाण्याचे पाइप केबिनमधून जायचे बंद झाले आणि पाय भाजायचे थांबले. दारांवरच्या त्या प्रसिद्ध पट्ट्या त्या रेडिएटरला हवा द्यायच्या तोंडावरच्या जाळ्या आहेत, आणि गाडी जवळजवळ दोन मीटर रुंद झाली ती त्याचमुळे. वजन वरच राहिलं ते राहिलंच.

राहता राहिला आवाज, ज्यावर सगळ्यात जास्त आवाज चढतात. बारा सिलिंडरमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला सहा स्फोट होतात, ७००० आरपीएमला सेकंदाला ७००. चार सिलिंडरच्या साध्या गाडीत त्याच वेगाला २३३ च्या आसपास. म्हणून तो आवाज खडखडाट न वाटता सूर वाटतो, कानाला स्फोट वेगळे ऐकूच येत नाहीत. हा आकडा मिउरात आणि डेटोनात अगदी सारखा. पण डेटोनात तो सूर लांब बॉनेटच्या पलीकडून आणि मागच्या सायलेन्सरमधून येतो, मधे ड्रायव्हर. मिउरात कार्ब्युरेटरची बारा तोंडं डोक्याच्या मागे हातभर अंतरावर हवा ओढत असतात, त्यांच्याखाली गिअरचे दात किंचाळत असतात, आणि ते सगळं आणि तुमची मान यांच्यामध्ये असते एक उभी काच.