अंजनेरीची गिधाडं आणि खिशातली गोळी

नाशिकहून त्र्यंबकला जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. पहाटेच चढायला लागलं आणि नशिबाने साथ दिली, तर ऊन तापल्यावर कड्यावरून लांब चोचीची गिधाडं उठताना दिसतात. पंख न हलवता ती हवेवर नुसती टेकलेली असतात. ती अजून इथे आहेत याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. 1990च्या दशकात देशभरातली गिधाडं भराभर मरायला लागली आणि काही जातींतली 95 टक्क्यांहून जास्त संपली. मेलेल्या पक्ष्यांची चिरफाड केल्यावर हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर सापडला. तो होता युरिक आम्लाचा. पक्ष्यांची मूत्रपिंडं बंद पडली की ते अंगात असं साठतं.

2004 मध्ये कारण उघड झालं: डायक्लोफिनॅक. दुखण्यासाठी गुरांना टोचलेलं हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

माणसांसाठी तेच औषध अजून आहे आणि बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीवाचूनही मिळतं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे आधीच सांगतो. आपलं शरीर हे औषध काही तासांत निकामी करून बाहेर टाकतं. धडधाकट माणसाने, अंगात पुरेसं पाणी असताना, एक-दोन दिवस गोळी घेतली तर मूत्रपिंडाला सहसा काही होत नाही. पण पाणी कमी असेल तर गोष्ट बदलते. आणि आपल्या जिल्ह्यात एप्रिल महिन्यात नेमकं तेच होतं.

एप्रिल म्हणजे द्राक्षबागांची खरड छाटणी. निफाड, दिंडोरीच्या बागांत पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या मांडवाखाली उभ्या असतात. मान वर, हात वर, हातात कात्री, वर उन्हाचा तडाखा. दुपारपर्यंत खांदे भरून येतात, कंबर धरते. मग खिशातून चुरगळलेली पट्टी निघते आणि दोन घोट पाण्याबरोबर गोळी जाते. बायका तर पाणीही मोजकंच पितात, कारण बागेत लघवीला जायला आडोसा नसतो. हे मी स्वतः ऐकलंय, आणि मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल बोलताना हा आडोशाचा मुद्दा कुणी का काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आत काय घडतं ते ठिबक सिंचनवाल्या माणसाला पटकन कळेल. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत जातो, दीड-दोन लिटरची लघवी होते. हा सगळा कारभार दाबावर चालतो. विहिरीचं पाणी खाली गेलं की फिल्टरजवळच्या गेजचा काटा उतरतो आणि शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही, तसंच हे. अंगातलं पाणी घटलं की शरीर ठिकठिकाणच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. तेव्हा गाळणीत रक्त आणणारी बारीक वाहिनी उघडी राहावी म्हणून मूत्रपिंड स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. टंचाईत वॉल्व्ह उघडा धरून बसलेला हा गडी.

पंचाईत अशी, की सूज आणि वेदना वाढवण्यातही प्रोस्टाग्लँडिनचाच हात असतो. ॲस्पिरिनसारखी औषधं त्यांची निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, आणि 1982च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन याच कुळातली. गोळी कंबर आणि मूत्रपिंड असा भेद करत नाही. कंबर मोकळी होते आणि तिकडे वॉल्व्हवरचा हात निसटतो. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिहेरी घाव बसतो: लघवीची गोळी पाणी कमी करते, बीपीची गोळी गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते, पेनकिलर आत येणारी आवळते.

यावरून कुणी बीपीची गोळी बंद करू नये, हे हात जोडून सांगतो. ‘रोजच्या गोळ्यांनी किडनी जाते’ म्हणत बीपीची गोळी सोडणारी आणि गुडघ्यासाठी मात्र महिनोन् महिने पेनकिलर खाणारी माणसं मी घरातच पाहिली आहेत. खरं तर मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच मूत्रपिंडं खराब होण्याची सगळ्यात मोठी कारणं. तिथे टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं गाळण्यांवरचा ताण उतरवून त्यांना जपतात.

दुसरी अडचण म्हणजे मूत्रपिंड कुरकुरत नाही. माझ्या काकांच्या फाइलमध्ये चार वर्षांचे तीन रिपोर्ट होते. क्रिएटिनीन 0.8, मग 1.0, मग 1.2. तिन्हींपुढे ‘नॉर्मल’ छापलेलं, म्हणून सगळे निर्धास्त. पण क्रिएटिनीन हा न गाळला गेलेला कचरा आहे. 0.8चा 1.2 होणं म्हणजे त्यांच्या साठीच्या वयात गाळण्याची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरणं. पायाला सूज, भूक मरणं, धाप ही लक्षणं यायला फार उशीर लागतो, आणि एकदा गेलेल्या गाळण्या नव्याने तयार होत नाहीत.

म्हणून मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यातच. एक, क्रिएटिनीन आणि त्यावरून काढलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे गाळण्याच्या ताकदीचा अंदाज. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन आजार समजतात. दुसरी, लघवीतल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाची. हिचं नाव फारसं ऐकू येत नाही, पण गाळणीची जाळी फाटू लागल्याचं ही बरेचदा क्रिएटिनीनच्या आधी सांगते. जुने रिपोर्ट टाकू नका, एकाखाली एक ठेवून वाचा.

मिठाचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे छोटा सपाट चमचाभर मीठ सांगते. मिसळीबरोबरचा पापड, चिवडा, लोणचं यांतलं मीठ त्यातच धरायचं. पाण्याचा मात्र एकच आकडा सगळ्यांना लागू नाही. उन्हात राबणाऱ्याला ऑफिसात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं, आणि ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं. बागेत सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. गडद पिवळी झाली की सावलीत बसून पाणी प्यायची वेळ झाली.

‘मग कंबर दुखली तर करायचं काय?’ असं एका मुकादमाने मला विचारलं होतं. ठरलेल्या मात्रेतलं पॅरासिटामॉल मूत्रपिंडाला बरंच सुरक्षित असतं. दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा त्रास असलेल्याने तेही विचारून घ्यावं. उलट्या-जुलाब चालू असताना डायक्लोफिनॅकच्या कुळातली गोळी घेऊच नये. हे त्याला सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दोन्ही टोकांना पाण्याचे जार ठेवले, आणि मालकाकडून हिरवी शेडनेट मागून घेऊन बांधाकडेला चार बांबूंवर बायकांसाठी आडोसा बांधला.