पार्श्वभूमी : ‘मॅक्स एसपीएल’चा आकडा येतो कुठून?

‘मॅक्स एसपीएल’ म्हणजे स्पीकरचा बॉक्स काढू शकतो ती आवाजाची कमाल पातळी, डेसिबलमध्ये (डीबी). जत्रेच्या मैदानाचा आराखडा सॉफ्टवेअरमध्ये भरला की कुठे किती डीबी पडतील याचा रंगीत नकाशा समोर येतो. त्या रंगांमागचे मूळ गणित वहीत मावणारे आहे. 1 वॅटला 1 मीटरवर मिळणारे डीबी (बॉक्सची संवेदनशीलता) घ्यायचे, वॅटेजच्या लॉगची (लॉगरिदमची) 10 पट मिळवायची, अंतराच्या लॉगची 20 पट वजा करायची. 97 डीबीच्या बॉक्सला 500 वॅट दिले तर 124, आणि 32 मीटरवर 30 उतरून 94. पहिली गफलतही इतकीच जुनी. 2.83 व्होल्ट म्हणजे 8 ओहमला 1 वॅट, पण 4 ओहमला 2 वॅट. संवेदनशीलता व्होल्टवर मोजून हिशेब वॅटने केला की 3 डीबी फुकटचे वाढतात.

पुढे बॉक्सभोवती दर 10 अंशांवर, मग 5 अंशांवर मोजलेली माहिती फाइलमध्ये आली. 1990 च्या दशकात लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक टांगलेल्या बॉक्सची रांग) रुळल्यावर फेज (लहरींचा वेळेचा मेळ) धरूनच बेरीज करावी लागली. दोन सारखे बॉक्स एकाच वेळी पोचले तर 6 डीबी वाढतात, फेज सोडली तर 3.

खरा घोळ ‘मॅक्स’ या शब्दाचा. वरच्याच बॉक्सवर कंटिन्युअस (सतत) 500, प्रोग्रॅम (चढ-उताराचे संगीत) 1000 आणि पीक (क्षणिक) 2000 वॅट असे तीन आकडे छापलेले असतात. त्यातून 124, 127 आणि 130 निघतात. जाहिरातीत 130 गेला आणि तोच सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये उतरला. हे चुकीचेच झाले. 130 हे क्षणिक शिखर आहे. 12 डीबी क्रेस्ट फॅक्टरचा (शिखर आणि सरासरी यांतला फरक) पिंक नॉइज (चाचणीचा खरखराट) वाजवला तर सरासरी 118 वर येते. शिवाय स्पीकरमधली कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, तेवढ्याच व्होल्टला वॅट कमी जातात आणि आणखी 3 डीबी सहज गळतात. वहीतल्या गणितात ही गळती धरलेलीच नाही. 2019 मध्ये संगीतासारखा, वरच्या फ्रीक्वेन्सीला क्रेस्ट फॅक्टर वाढत जाणारा चाचणी-सिग्नल खुला झाला. पुढे त्यावर मानक आले. बॉक्सचा प्रतिसाद बिघडेपर्यंत पातळी चढवायची आणि त्याआधीचा आकडा धरायचा. जुन्या फायली मात्र अजून फिरताहेत, म्हणून फाइलमधला आकडा कोणत्या सिग्नलवरचा आहे हे आधी पाहावे.

हवेचे शोषण 1993 च्या मानकातल्या सूत्राने काढतात, पण तापमान आणि आर्द्रता आपणच भरायची असते. 8 किलोहर्ट्झला 60 मीटरवर कोकणातल्या दमट हवेत (30 अंश, 70 टक्के) साधारण 3.5 डीबी जातात. घाटावरच्या कोरड्या थंड रात्री (15 अंश, 20 टक्के) 12. घाटावर बसवलेला ट्रेबल मालवणात तसाच ठेवला तर दशावतारातली झांज मागच्या रांगेत कानाला टोचते.

तपासणीचे मीटर डीबी ए मध्ये, म्हणजे कानाला जसे ऐकू येते तसे वजन देऊन (ए-वेटिंग), सरासरी दाखवते. 2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या क्षेत्रासाठी ठरवलेल्या मानकापेक्षा 10 डीबी ए जास्त किंवा 75 डीबी ए, यांपैकी जे कमी ती मर्यादा. ए-वेटिंग 63 हर्ट्झला 26 डीबी कापते, त्यामुळे नकाशातला वेटिंगशिवायचा पीक आकडा त्या मर्यादेशी ताडून पाहता येत नाही. ताडण्याआधी नकाशाही ए-वेटिंग आणि सरासरीवर आणावा लागतो.