मीटरचं कापड, इंचाचं माप

कापडाच्या दुकानात अडीच मीटर मागायचं आणि घरी येऊन खडू हातात घेतला की छाती ३६, कंबर ३० असं इंचांत आखायचं, हे घरी शिवणाऱ्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही खटकतही नाही. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, तर दुकानदारही इंचांतच सांगतो: ३६, ४४, ५८. म्हणजे एकाच तुकड्याची लांबी एका मापात, रुंदी दुसऱ्या. बेतताना कापड कमी पडतं किंवा तयार कपडा दाटतो, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

टेप ही तशी अलीकडची वस्तू. ती येण्यापूर्वी युरोपातले शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी पट्टी ठेवत आणि छाती, बाही यांच्या जागी तिला खाचा पाडत. एकोणिसाव्या शतकात इंचाच्या खुणांची टेप रुळली आणि एका छातीच्या मापावरून बाकीची मापं भागाकाराने काढायची रीत पक्की झाली. आपल्याकडे कापड वारावर विकलं जाई. वार ३६ इंचांचा, त्याचे १६ गिरह, म्हणजे एक गिरह सव्वादोन इंचांचा. इंचाचे आठ सूत. सुतार आणि शिंपी दोघांच्याही तोंडी सूत अजून आहे, गिरह गेला.

खरा गुंता १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने झाला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापं लागू झाली आणि १९६२ पर्यंत सक्तीची. वाराची पट्टी गेली, मीटरची आली. पण कायदा होता सौद्यासाठी. घरात कोणी कशात बेतावं, हा त्याचा विषयच नव्हता. शिवणकामही त्याच वेळी सेंटिमीटरवर न्यायला हवं होतं, असं म्हणणारे आजही आहेत. मिलिमीटर सुतापेक्षा बारीक, अपूर्णांकांची कटकट नाही, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. तरी इंच टिकला तो नुसत्या सवयीने नव्हे. छाती ३६ घ्या: चौथा भाग ९, सहावा ६, बारावा ३. घेर, मुंढा (बाही जोडायची गोलाई), गळ्याची रुंदी यांचा पाया तोंडी निघतो. तेच ९१.५ सेंटिमीटरचा बारावा भाग काढायला कागद लागतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे शब्द आपल्या बोलण्यातच आहेत, त्यामुळे ‘पावणेसहा’ म्हटलं की हात बरोबर जागी जातो. बेतण्यासाठी इंच सोडायचं काही कारण नव्हतं. चूक झाली ती दोन्ही मापांचा सांधा कोणी नीट शिकवला नाही, ही.

तो सांधा सोपा आहे. एक मीटर म्हणजे ३९ इंच ३ सूत. जुन्या वहीत ‘सव्वादोन वार’ लिहिलं असेल तर ते ८१ इंच, म्हणजे २ मीटर ६ सेंटिमीटर. दोन मीटर घेतलं तर सव्वादोन इंच कमी पडतात आणि नेमकी गळ्याची तिरकी पट्टी निघत नाही. नऊवारी अजून वारातच बोलली जाते, ती ८ मीटर २३ सेंटिमीटर. सुती कापड धुतल्यावर तीन टक्के आटलं तरी अडीच मीटरमागे साडेसात सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच जातात. म्हणून आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मोजावं.

गेल्या काही वर्षांत परदेशी पॅटर्न (कापड कापायचे कागदी नमुने) आणि व्हिडिओ घरोघरी आले आणि हा घोळ शिलाईमायेत, म्हणजे टिपेबाहेर सोडायच्या जादा कापडात, शिरला. तिकडे माया बहुधा दीड सेंटिमीटर किंवा पाच सूत. काही पॅटर्नमध्ये ती धरलेलीच नसते. आपल्याकडे सर्रास अर्धा इंच. अर्धा इंच धरून बेतलं आणि नव्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीवरच्या १५ मिलिमीटरच्या रेघेवर टीप मारली, तर प्रत्येक शिवणीत दोन्ही पदर मिळून साडेचार मिलिमीटर जास्त आत जातात. घेरात चार शिवणी असल्या की जवळजवळ पाऊण इंच गेला. टक्स (आकारासाठी घातलेल्या चुण्या) बरोबर, माप बरोबर, तरी हुक लागत नाही.

टाक्याचंही तेच. काही जुन्या मशीनवर एका इंचातले टाके लिहिलेले असतात, तिथे आकडा वाढला की टाका बारीक होतो. नव्या मशीनवर टाक्याची लांबी मिलिमीटरमध्ये, तिथे उलट. इंचाला १० टाके म्हणजे अडीच मिलिमीटर. सुईच्या पाकिटावर ९०/१४ असतं, त्यातला ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडी. १४ हा जुना क्रमांक, तो कशाचंच माप नाही.

टेप मात्र तपासूनच वापरावी. १२ इंचांच्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहावी, दोन्हींवर ३०.५ सेंटिमीटर जुळायला हवेत. कापडी टेप ताणते आणि टोकाची पत्र्याची चिमटी सैल झाली की शून्यच सरकतं. अशी टेप टाकून देईपर्यंत १ इंचापासून मोजावं आणि शेवटी तो इंच वजा करावा.