कलाभवन, उद्योगालय आणि अगाशीवरचं ऊन

बडोद्यात सध्या अगाशी-अगाशीवर सोलर चढतंय. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांवरही निळ्या काचा चमकताना दिसतात. काम करायला येतात ते सगळे मुलगेच. घरच्या बाईशी त्यांचा संबंध ‘बेन, जरा पाणी आपजो’ इतकाच. गंमत म्हणजे या अगाशीवर आजवर राज्य होतं ते बायकांचंच. कुरडया, सांडगे, लोणच्याच्या कैऱ्या, सगळ्यांना ऊन दाखवणाऱ्या त्याच. मग उन्हाची वीज होऊ लागल्यावर त्या खाली का राहिल्या? हे कोडं सुटायला बरंच मागे जावं लागतं.

1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून द्यायचं, हा त्यांचा आग्रह. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असं सगळं तिथे शिकवत. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. पुढे 1906 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, आणि ते मुलींनाही. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. कलाभवन मात्र मुख्यतः पुरुषांच्या हातांना हुन्नर देण्यासाठी होतं.

बायकांसाठी 1914 मध्ये निराळी संस्था उभी राहिली, महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय. चिमणाबाईसाहेब नुसत्या नावापुरत्या महाराणी नव्हत्या. 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा अध्यक्षपदी त्याच होत्या. उद्योगालयाने गरजू बायकांच्या हाती चार पैसे दिले आणि त्यांना कुणापुढे हात पसरू दिला नाही. पण हे साधलं ते शिवण, भरतकाम, खाद्यपदार्थ यांतून. यंत्र एकीकडे आणि सुई दुसरीकडे, ही वाटणी एकाच शहरात चोवीस वर्षांच्या अंतराने झाली. आजच्या कसोटीवर घासून तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिची सवय अजून मोडली नाही, इतकंच मला म्हणायचंय.

1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं. हंसाबेन मेहता कुलगुरू. कलाभवन विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत गेलं. पुढे गृहविज्ञानाची शाखाही निघाली आणि नावारूपाला आली. मराठी घरांतल्या किती मुली तिकडे गेल्या हे मी सांगायला नको. आमच्या जुन्या वाड्यांत एखादी तरी सापडेल.

1973 च्या तेलटंचाईनंतर देशाला उन्हाची आठवण झाली. 1979 मध्ये गुजरात ऊर्जा विकास एजन्सी स्थापन झाली, तीही बडोद्यातच. तेव्हाच्या योजनांतून बायका पहिल्यांदा ‘ऊर्जेत’ आल्या, पण वापरणाऱ्या म्हणून. सूर्यचूल, गोबर गॅस, सुधारित चूल. सूर्यचुलीत सकाळी दहाला डाळ-तांदळाचे काळे डबे ठेवायचे, आरशाची दिशा बदलत राहायची. आरसा कुठल्या कोनात धरला तर ऊन नेमकं आत पडतं, हे त्या बायकांना तोंडपाठ होतं. पॅनेलचा उतारही याच हिशोबाने ठरतो, फक्त तो एकदाच बेतायचा असतो. त्या ज्ञानाला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

2015 हे बडोद्याच्या सोलरचं मोठं वर्ष. जानेवारीत संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की मून यांच्या हस्ते नर्मदेच्या शाखा कालव्यावरच्या 10 मेगावॉट प्रकल्पाचं उद्‌घाटन झालं. त्याच वर्षी सोलर बसवणारे कारागीर तयार करण्यासाठी केंद्राचा सूर्यमित्र अभ्यासक्रम सुरू झाला. 600 तासांचा, निवडीत महिलांकडे विशेष लक्ष देणारा. कागदावर तो उत्तम आहे. प्रवेशाची अट मात्र वाचावी लागते: दहावी आणि त्यावर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा शाखेची आयटीआय. बडोद्यात केंद्राची खास महिलांची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थाही आहे, पण अशा संस्थांची ओळख प्रामुख्याने शिवणकाम आणि सौंदर्यप्रसाधनाच्या वर्गांमुळेच. उद्योगालयाची सावली बरीच लांब पडली आहे.

2019 मधल्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगात अक्षय ऊर्जेच्या नोकऱ्यांत बायका 32 टक्के. त्याच वर्षीच्या एका भारतीय अभ्यासात छतावरच्या सोलर कंपन्यांमध्ये त्या 11 टक्क्यांच्या आसपास निघाल्या, आणि त्याही बहुतेक कचेरीत.

वजनाचं कारण हमखास पुढे केलं जातं. घरावरचं एक पॅनेल साधारण पंचवीस-अठ्ठावीस किलोचं असतं आणि ते दोघं मिळून उचलतात. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास तीस किलोचा. तो ओट्याखाली एकटीने सरकवणाऱ्या बाईला हे कारण कोण सांगणार?

खरी अडचण परवान्यात आहे. वायरिंगच्या कामाला परवानाधारक लागतो, आणि त्या परवान्याची नेहमीची वाट आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनसारख्या शाखेतून जाते. म्हणजे सूर्यमित्रच्या फलकावर महिलांचं स्वागत असलं, तरी तो वाचून अर्ज करणाऱ्या मुलीने दहावीच्या निकालानंतर, घरात ‘ब्युटी पार्लरचा कोर्स बरा’ असं चाललेलं असताना, इलेक्ट्रिशियनसारख्या शाखेच्या रकान्यात खूण केलेली असायला हवी.