संशय घेणं वेगळं, कटकथेत रमणं वेगळं

‘यात कुठेतरी पाणी मुरतंय.’ चिकित्सक माणूस याच वाक्याने सुरुवात करतो, आणि कटकथेवर, म्हणजे ‘यामागे कुणाचा तरी छुपा कट आहे’ या समजुतीवर, विश्वास ठेवणाराही. म्हणूनच दोघांची गल्लत होते.

पाणी कधी कधी खरंच मुरत असतं. १७ जून १९७२ च्या मध्यरात्रीनंतर वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात फ्रँक विल्स या पहारेकऱ्याला एका दाराच्या लॅचवर चिकटपट्टी दिसली. त्याने ती काढून टाकली. नंतर पाहतो तर पट्टी पुन्हा जागेवर! त्याने पोलिसांना बोलावलं, तिथल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले आणि धागा ओढता ओढता प्रकरण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत गेलं. विल्सचा संशय तपासता येण्याजोगा होता. दुसऱ्यांदा पट्टी दिसली नसती, तर तो पुढे निघून गेला असता.

आता चंद्रावरचा झेंडा घ्या. माणूस चंद्रावर उतरलाच नाही, सगळा बनाव होता, असं म्हणणारे त्याच्याकडेच बोट दाखवतात. वारा नाही, मग तो फडकल्यासारखा का दिसतो? प्रश्न अगदी रास्त आहे. झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या अपोलो ११ मोहिमेच्या वेळी ती पूर्ण ताणली गेली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या. चिकित्सकाचं इथे समाधान होतं. कटकथेत मात्र उत्तर मिळालं की प्रश्न बदलतो: मग फोटोत तारे का नाहीत? सहा मोहिमांतून आणलेले ३८२ किलो दगड-माती दाखवा, तर ते तपासणारे शास्त्रज्ञही सामील. पुरावा सापडत नाही, हाच तो दडपल्याचा पुरावा ठरतो.

पण माणसं तिकडे ओढली जातात ती मूर्ख म्हणून नव्हे, हे मला कळकळीने सांगायचंय. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाच्या मते ती ली हार्वी ओस्वाल्ड या एकट्या माणसाने, टपालाने मागवलेल्या स्वस्त रायफलने केली. मनाला हे पचत नाही. घटना मोठी तर कारणही तेवढंच मोठं हवं असतं. शिवाय निव्वळ योगायोगापेक्षा शत्रू बरा वाटतो, त्याच्याकडे निदान बोट दाखवता येतं.

त्यात जुने घाव असतात. अमेरिकेत टस्कीगी इथे सरकारी आरोग्यसेवेने १९३२ पासून ४० वर्षं सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. असा इतिहास पाठीशी असलेला माणूस लशीबद्दल शंका काढतो, तेव्हा आधी त्याचं ऐकून घ्यायला हवं. मग विचारावं: काय दाखवलं तर तुमची शंका फिटेल? त्याच्याकडे याचं उत्तर असेल, तर बोलणं पुढे सरकतं.