१४९२ : गव्हाच्या शेतातला धोंडा

कोणत्याही सालाची 'ठळक घडामोडी, जन्म, मृत्यू' अशी यादी उघडली की सगळ्या नोंदी एका मापाच्या दिसतात. राजा गेला, एक ओळ. लढाई झाली, एक ओळ. अख्खा खंड सापडला तरी ओळ एकच. १४९२ च्या यादीत कोलंबसच्या बरंच खाली, ७ नोव्हेंबरपाशी, अशीच एक ओळ असते : एन्सिसहाइम इथे उल्का पडली. माझ्या लेखी त्या सालातली सगळ्यात वजनदार नोंद तीच. शब्दशः वजनदार, सुमारे १२७ किलोंची.

एन्सिसहाइम हे अल्सास प्रांतातलं गाव. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा हाब्सबुर्ग घराण्याच्या ताब्यात होतं. त्या दिवशी दुपार व्हायच्या आत आभाळात प्रचंड कडकडाट झाला, पार दीडशे किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. गावाबाहेरच्या गव्हाच्या शेतात काहीतरी कोसळताना एका मुलानं पाहिलं. लोक धावले, तर जेमतेम कंबरभर खड्ड्यात एक काळा धोंडा रुतून बसलेला. तो वर काढल्यावर जे झालं ते आपल्याकडेही झालंच असतं. ज्याला त्याला शुभ म्हणून एक कपचा हवा! ठोकाठोकी सुरू झाली. शेवटी तिथल्या अधिकाऱ्यानं लोकांना हटवलं आणि उरलेला धोंडा चर्चमध्ये नेऊन ठेवला.

इतका मोठा आवाज आणि खड्डा एवढासाच, हे कसं? अवकाशातून येणारा दगड वातावरणात शिरतो तो सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगानं. पुढची हवा इतकी दाबली जाते की ती धगधगते, दगडाचा पृष्ठभाग वितळून उडून जातो आणि आवाजापेक्षा कितीतरी जास्त वेगामुळे तो कडकडाट होतो. पण हे सगळं खूप उंचावर घडतं. हवेच्या विरोधानं वेग संपला की शेवटचे काही किलोमीटर तो एखादा दगड वरून टाकावा तसाच पडतो. वितळलेला थर काळ्या सालीसारखा गोठतो, पोट थंडच राहतं. दगड खूप मोठा असेल तर मात्र हवा त्याला अडवू शकत नाही. लोणारला तेच झालं. तिथे जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर आहे, पण दाखवायला दगड नाही. एन्सिसहाइमला दगड आहे, दाखवायला विवर नाही.

तीन आठवड्यांच्या आत हाब्सबुर्ग घराण्याचा राजा मॅक्सिमिलियन फ्रेंचांशी लढायला जाताना तिथे थांबला. त्यानं धोंडा निरखला, दोन तुकडे काढून घेतले आणि हा आपल्याला झालेला शुभशकुन आहे असं ठरवून टाकलं. बाझेलमध्ये सेबास्टियन ब्रांट या कवीनं लगेच चित्रासह एकपानी पत्रक छापलं, लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्येही. छपाई युरोपात तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांची होती, तरी आकाशातली बातमी आणि राजाची बाजू एकाच पानावर आणायला ती शिकली होती.

गंमत अशी की शेतातल्या मुलानं जे सांगितलं ते खरं होतं आणि पुढची तीनशे वर्षं विद्वानांना ते पटत नव्हतं. आभाळात दगड असतीलच कसे? ते अवकाशातून येतात असं क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानं १७९४ मध्ये मांडलं, आणि १८०३ मध्ये फ्रान्सच्याच लेग्ल गावी हजारो दगड भरदिवसा बरसले तेव्हा वाद मिटत गेला. एन्सिसहाइमचा धोंडा मुख्यतः ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या खनिजांचा, लोह कमी असलेला. तो ज्या लघुग्रहातून फुटून निघाला, त्याच्या पोटात तो चांगलाच भाजून निघाला होता. या जातीच्या दगडांचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. आज त्यातला जेमतेम ५५ किलोंचा गोळा गावातल्या संग्रहालयात उरलाय; बाकीचा शुभ म्हणून आणि अभ्यासासाठी गेला.

या धोंड्याच्या आठ आठवडे आधी, १३ सप्टेंबरला, अटलांटिकवर कोलंबसच्या होकायंत्राची सुई ध्रुवताऱ्यापासून ढळलेली दिसली. चार दिवसांनी खलाशी घाबरले. सुईच बिघडली तर परतायचं कसं? कोलंबसनं सांगितलं, सुई ठीक आहे, तारा हलतोय. आपण ध्रुवबाळाला अढळपद देऊन मोकळे झालो आहोत, पण तेव्हा तो तारा खगोलीय ध्रुवापासून, म्हणजे आभाळ ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूपासून, सुमारे साडेतीन अंश दूर होता. म्हणजे पौर्णिमेचे सात चंद्र ओळीनं मांडावेत इतका. आज तो एका अंशाच्याही आत आहे, कारण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत भोवऱ्यासारखी एक गिरकी घेतो. तेव्हा कोलंबसचं अर्धं उत्तर बरोबर होतं. उरलेलं अर्धं असं की चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा एक नसतात, आणि त्यांतला फरक जागोजाग बदलतो.

त्याच साली न्यूरेंबर्गमध्ये मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल तयार झाला. आज टिकून असलेल्यांत तो सर्वांत जुना. त्यावर अमेरिका अर्थातच नाही. मृत्यूंच्या रकान्यात पिएरो देला फ्रान्चेस्का आहे. सपाट चित्रात जवळचं-दूरचं कसं दाखवायचं याचं गणित मांडणारा हा चित्रकार. तारीख १२ ऑक्टोबर, म्हणजे कोलंबसनं जमीन गाठली तो दिवस.

आणि एक नाव यादीत सहसा नसतंच. ३१ मार्चला स्पेननं ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. त्यात स्पेनमधल्या सालामांकाचा ज्यू खगोलज्ञ अब्राहाम झाकूतो पोर्तुगालला गेला. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नाही. तिथे अक्षांश काढायचा तर मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजावी लागते आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती वर-खाली आहे हे माहीत असावं लागतं. झाकूतोच्या कोष्टकांवरून ते कळे. ती १४९६ मध्ये पोर्तुगालात छापून निघाली. पुढच्या वर्षी वास्को द गामा निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला. तोवर झाकूतोला पोर्तुगालही सोडावं लागलं होतं.