रायडिंग मोअर : सेल्फचे बिघाड

रायडिंग मोअर म्हणजे सीटवर बसून चालवायचे गवतकापणी यंत्र. अमेरिका-कॅनडातील उपनगरांत, घराभोवती मोठी हिरवळ असते तिथे, ते घरगुती अवजारच मानले जाते. भारतात ते मुख्यतः गोल्फच्या मैदानांवर दिसते. थंड प्रदेशात हिवाळाभर ते शेडमध्ये पडून राहते आणि वसंतात किल्ली फिरवल्यावर सेल्फ घेत नाही. अशा वेळी थेट स्टार्टर मोटर बदलण्याची घाई होते, पण दोष बहुधा त्याहून स्वस्त जागी सापडतो.

सेल्फचे मंडल (सर्किट) दुहेरी असते. जाड केबलचा मार्ग बॅटरीकडून सोलेनॉइडमार्गे (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या मोठ्या स्विचमार्गे) स्टार्टरला जातो आणि मोठा प्रवाह वाहतो. बारीक वायरींचा मार्ग फ्यूज, किल्लीचा स्विच, पात्याचा स्विच आणि ब्रेक पेडलखालचा स्विच ओलांडून सोलेनॉइडच्या कॉइलपर्यंत पोचतो. बिघाड कुठल्या मार्गात आहे, हे पुष्कळदा आवाजच सांगतो. काहीच आवाज नसेल तर बारीक वायरींचा मार्ग तुटलेला असतो किंवा बॅटरी पूर्ण बसलेली असते. एकच ‘टक्’ झाले, तर सोलेनॉइड ओढला जातो पण पुढे पुरेसा प्रवाह जात नाही, किंवा मोटर अडकलेली असते. सलग टकटक हे बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचे किंवा सैल टर्मिनलचे लक्षण.

पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी बंद अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. पण हा आकडा फसवा असतो. एखादा सेल कमजोर झालेली बॅटरीही कधीकधी तो दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी व्होल्टेज ९.६ व्होल्टच्या खाली घसरू नये. बॅटरी चांगली असूनही मोटर रेंगाळत असेल, तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण खांबाची इंजिनाच्या धातूशी असलेली जोडणी, तपासावे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर केबलच्या बोल्टखाली गंज किंवा रंग आहे असे समजावे. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी फार थोडे लोक करतात.

बारीक मार्गासाठी टेस्ट लॅम्प पुरतो. ब्रेक दाबून, पाते बंद ठेवून किल्ली ‘स्टार्ट’वर धरली असता सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर फ्यूजपासून एकेक स्विच तपासत यावे. उंदरांनी कुरतडलेली वायर हेही नेहमीचे कारण. दिवा लागूनही सोलेनॉइड गप्प असेल, तर आधी त्याचे अर्थिंग पाहावे, मग तो बदलावा. पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे मोठे टर्मिनल जोडून सेल्फ मारण्याची युक्ती धोक्याची आहे: त्यात सर्व सुरक्षा स्विच वगळले जातात, आणि यंत्र गिअरमध्ये असेल तर ते समोरच्याच्या अंगावर येऊ शकते. चालक सीटवरून उठताच इंजिन किंवा पाते बंद करणारा सीटचा स्विच ‘त्रास देतो’ म्हणून कायमचा जोडून टाकणेही तसेच. चालक खाली पडला तरी पाते फिरत राहते.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा तर्क उलटा चालवावा लागतो. बहुतेक मोअरमध्ये ठिणगी मॅग्नेटोची (फिरत्या चुंबकाने वीज तयार करणाऱ्या भागाची) असते, तिला बॅटरी लागत नाही. किल्ली बंद केली की मॅग्नेटोची वायर अर्थ होते. म्हणजे इथे दोष प्रवाह तुटण्याचा नसून नको तिथे अर्थ लागण्याचा असतो. ती वायर सोडवल्यावर ठिणगी आली, तर खोट वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. मात्र तशा अवस्थेत किल्लीने इंजिन बंद होत नाही, म्हणून चाचणी स्पार्क प्लग बाहेर काढूनच करावी. काही कार्ब्युरेटरांवर पेट्रोल अडवणारा सोलेनॉइड असतो, त्याला मात्र बॅटरीच लागते.

एक यांत्रिक दोष विजेचे सोंग घेतो. एका सिलिंडरच्या इंजिनात व्हॉल्व्हचे अंतर वाढले की सुरू होताना सिलिंडरमधला दाब सोडणारी यंत्रणा काम करत नाही; स्टार्टर अर्धा फेरा घेऊन थांबतो आणि मालक नवी बॅटरी आणतो. प्लग काढल्यावर मोटर सुसाट फिरली, तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन व्हॉल्व्ह तपासावेत.

इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. न दिसल्यास फ्लायव्हीलखालचा स्टेटर (चार्जिंगची वीज तयार करणारी कॉइल) किंवा ती वीज नियंत्रित करणारा रेग्युलेटर तपासावा. हिवाळ्यात बॅटरी चार्ज करूनच ठेवतात, कारण पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांतच गोठून फुटू शकते.